मॉडेल रेल्वेवरील सांधे, सिग्नल आणि दिवे बंद पडल्यास दोष कसा शोधावा

मॉडेल रेल्वेचा लेआउट जुना होत जातो तसा इंजिनांपेक्षा त्याच्या भोवतीच्या विद्युत साहित्याचा त्रास वाढू लागतो. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा, बदलणारी मोटर नुसती ‘टक’ करते आणि सांध्याची सरकती पट्टी अर्ध्यावर राहते, सिग्नलचा लाल दिवा अंधुक होतो, फाटकाचे दिवे गाडी निघून गेल्यावरही लुकलुकत राहतात. अशा वेळी जी वस्तू बंद दिसते तीच बिघडली आहे असे मानून ती उपटण्याकडे आपला कल असतो. परदेशातून मागवलेली मोटर उघडून पाहण्यात ती खरोखरच बिघडते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. माझ्या अनुभवात बंद पडलेल्या दहा वस्तूंपैकी सात-आठ वस्तू स्वतः धडधाकट असतात आणि वीज त्यांच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नसते. म्हणून या लेखातील पद्धतीचा गाभा एकच आहे: वीज कुठे थांबते किंवा कुठे कमी होते हे मोजून ठरल्याशिवाय कोणतीही वस्तू उघडायची नाही.

पुढील विवेचन एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या आणि १६.५ मिलिमीटर रुळांतराच्या लेआउटला धरून केले आहे. त्याहून लहान असलेल्या एन मापालाही ते बहुतांशी तसेच लागू पडते. पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात एकाच वेळी चालणारे सिग्नल, फाटके आणि दिवे पाहून ज्यांनी घरी असे काही उभारायला घेतले, त्यांच्यापैकी अनेकांना या साहित्याची भीती वाटते. वायरिंग टप्प्याटप्प्याने तपासले तर त्या भीतीचे कारण उरत नाही.

आधी २३० व्होल्टची बाजू

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, तर अमेरिकेतून आणलेला पॉवर पॅक, म्हणजे लेआउटला कमी व्होल्टची वीज देणारे खोके, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. नातेवाइकांनी सामानातून आणलेला असा पॅक केवळ पिनचा अडॅप्टर लावून भिंतीत खोचला तर काही क्षणांत जळतो. त्यासाठी पुरेशा वॉटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पॅकचे खोके स्वतः उघडू नये. मुख्य विजेची बाजू जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्यावी. आपले काम त्याच्या बाहेर येणाऱ्या १२ ते १६ व्होल्टपासून सुरू होते. वायर हलवण्यापूर्वी, सोल्डर करण्यापूर्वी प्लग काढावा, आणि वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असलेल्या मंडळांना (सर्किटना) रिकामे होण्यासाठी एखादे मिनिट द्यावे.

हत्यारे फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना मगरचिमटे लावलेल्या चार-पाच वायरी, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, रोझिनची वात असलेली सोल्डर आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरते. तांब्या-पितळेच्या कामासाठी मिळणारे ॲसिड फ्लक्स इथे चुकूनही वापरू नये, कारण ते वायरीच्या आत मुरते आणि काही महिन्यांत तांबे खाते. यांत एका वस्तूची भर घालावी, ती म्हणजे स्कूटरच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॉटचे दोन बल्ब. ते एकापुढे एक म्हणजे सिरीजमध्ये जोडून त्यांच्या मोकळ्या टोकांना चिमटे लावावेत. पुढे सगळ्यांत जास्त काम हेच दोन बल्ब करणार आहेत.

हात लावण्यापूर्वीचे प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारावा की बंद पडलेली वस्तू एकटीच आहे की अनेक. एकच सांधा अडला असेल तर दोष त्या सांध्याच्या स्वतःच्या वायरीत, बटणात किंवा मोटरीत असतो. यार्डाच्या एका टोकाचे सगळेच सांधे मंदावले असतील तर दोष त्यांच्या समाईक वायरीत असतो. लेआउटवरचे सर्व सांधे एकदम थांबले तर पुरवठ्याकडे, आणि कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (वीज साठवून ती सांधामोटरीला एका झटक्यात देणारे मंडळ) वापरत असल्यास अडकलेल्या बटणाकडे, पाहावे. अडकलेल्या बटणाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक दाबबटण आतल्या आत चिकटले की युनिटमधील कपॅसिटर पुन्हा भरूच शकत नाही, त्यामुळे कॉइल जळण्यापासून वाचते. मात्र बाकीचे सर्व सांधेही गप्प होतात. प्रत्येक बटणाची बाहेर जाणारी वायर एकेक करून सोडवावी, जी सोडवताच इतर सांधे चालू लागतात ते बटण चिकटलेले आहे.

दुसरा प्रश्न असा की दोष कायमचा आहे की येतो-जातो. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा सैल जोडाचा असतो आणि त्याला पकडण्यासाठी वस्तू चालू ठेवून एकेक वायर लाकडी काडीने हळूच हलवत जावे. तिसरा प्रश्न सोपा असला तरी त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे लागते: शेवटचे सुरळीत चालल्यानंतर आपण काय बदलले? नवी खडी चिकटवली, नवा दिवा जोडला, लेआउट भिंतीपासून ओढला, यांपैकी काहीतरी आठवतेच.

उगमापासून वस्तूपर्यंत, भार जोडून

आता मोजणी सुरू करावी. मीटर एसीवर ठेवायचा की डीसीवर, हे आधी ठरवावे, कारण पॉवर पॅकची ॲक्सेसरीची टोके बहुधा १६ व्होल्ट एसीची असतात आणि मीटर डीसीवर असेल तर तिथे शून्य दिसते. त्या शून्यावर विश्वास ठेवून चांगला पॅक टाकून दिल्याची उदाहरणे आहेत.

नुसता मीटर लावून येणारा आकडा फसवा असतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा उरला असला किंवा स्क्रूखाली गंज असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कॉइलच्या सांधामोटरीला मात्र क्षणभर तीन-चार अँपिअर लागतात आणि तेवढा करंट त्या एका धाग्यातून जात नाही. म्हणून जिथे मोजायचे तिथे आपले दोन बल्ब जोडून, ते पेटलेले असताना मोजावे.

हे मी एका पावसाळ्यात शिकलो. माझ्या लेआउटच्या दूरच्या टोकाचा सांधा जानेवारीत उत्तम चालत होता आणि जुलैत अर्ध्यावर थांबू लागला. मी मोटर बदलली, मग बटण बदलले, मग पुन्हा जुनी मोटर लावली, आणि प्रत्येक वेळी मोटरीच्या टोकांशी मीटर १७ व्होल्ट दाखवत राहिला. शेवटी बल्ब जोडले तेव्हा तोच आकडा १३ वर आला, आणि पॅकच्या टोकांशी मात्र १६.८ कायम होता. म्हणजे जवळजवळ चार व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. मी बल्ब पेटते ठेवून मीटरचे एक टोक जोडपट्टीच्या, म्हणजे वायरी स्क्रूने जोडण्याच्या पट्टीच्या, एका बाजूच्या वायरीला आणि दुसरे टोक त्याच स्क्रूच्या दुसऱ्या बाजूच्या वायरीला लावले. चांगल्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये अशा वेळी ०.१ व्होल्टसुद्धा दिसू नये, तिथे ३.४ दिसले. स्क्रू काढला तर पितळी नळीत बारीक हिरवट भुकटी होती आणि वायरीचे सात धागे काळे पडून तीनच धागे खरोखर दाबले गेले होते. वायर दोन सेंटिमीटर कापून नवे टोक काढले, नळी घासली, स्क्रू आवळला, आणि सांधा खणखणीत वाजला. मोटर बदलण्यात गेलेले तीन रविवार मला अजून आठवतात.

जोडाच्या दोन बाजूंमध्ये मोजण्याची ही युक्ती सर्वत्र वापरावी. पॅकपासून निघून बटण, जोडपट्टी, सोल्डर केलेला जोड, कनेक्टर असे एकेक ठिकाण ओलांडत जावे. जिथे अचानक आकडा मोठा येतो तिथेच थांबावे. परतीची, म्हणजे समाईक वायरही अशीच तपासावी. पुष्कळ लोक जाणारी वायर बारकाईने पाहतात आणि परतीची विसरतात.

सर्व जोड चांगले असूनही व्होल्टेज कमी पडत असेल तर वायर बारीक आहे. ०.२ मिलिमीटरच्या सात धाग्यांच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०८ ओहम असतो. पाच मीटर जाऊन परत येणाऱ्या दहा मीटरमध्ये ०.८ ओहम होतात आणि तीन अँपिअरला २.४ व्होल्ट वायरीतच जातात. त्याऐवजी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हीच घट सुमारे ०.७ व्होल्टवर येते. दिव्यांसाठी बारीक वायर चालते. सांध्यांसाठी ती वापरू नये.

सांधामोटरी

मोटरीपर्यंत पुरेशी वीज येते हे सिद्ध झाल्यावरच मोटरीकडे वळावे, आणि तेव्हाही प्रथम यांत्रिक बाजू पाहावी. मोटर सोडवून सांध्याच्या सरकत्या पट्ट्या बोटाने हलवाव्यात. पाणी घातलेल्या फेविकॉलने खडी चिकटवताना एखादा थेंब सरकत्या दांडीखाली गेला असेल तर ती चिकटते. पावसाळ्यात प्लायवूड फुगून मोटरीची पिन भोकाच्या कडेला घासते, अशा वेळी भोक कानसून थोडे मोठे करावे लागते.

दुहेरी कॉइलची मोटर तपासणे सोपे आहे, कारण तिच्यात तुलना करायला जुळी कॉइल शेजारीच असते. वायरी सोडवून समाईक टोकापासून प्रत्येक कॉइलचा रोध मोजावा. दोन्ही साधारण सारखे, बहुधा चार-पाच ओहम, यायला हवेत. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा ०.२-०.३ ओहमचा आकडा त्यातून वजा करावा. एकीकडे काहीच येत नसेल तर कॉइल किंवा तिचे टोक तुटले आहे, आणि एकीकडे निम्माच रोध येत असेल तर तारेवरचे इनॅमल जळून वेढे आपसांत जुळले आहेत. अशी कॉइल हाताला गरम लागते आणि तिला करपल्याचा वास येतो. कॉइल जळण्याचे कारण जवळजवळ नेहमी बटण जास्त वेळ दाबले जाणे हेच असते, म्हणून नवी मोटर बसवण्यापूर्वी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावून घ्यावे.

टॉरटॉइज या बनावटीसारख्या सावकाश फिरणाऱ्या मोटरीचा स्वभाव वेगळा आहे. ती १२ व्होल्ट डीसीवर चालते आणि शेवटी अडून उभी राहिली तरी तिच्यातून सतत थोडासाच, सुमारे १६ मिलिअँपिअर, करंट जात राहतो. त्यामुळे तिच्याकडून येणारी मंद घरघर हा दोष नव्हे. ती एकाच बाजूला जात असेल तर दिशा उलटवणाऱ्या स्विचमधील तिरप्या वायरी पाहाव्यात. ज्या सांध्यात पट्ट्या जागेवर धरणारी स्प्रिंग असते तिथे ही मोटर कधी कधी मध्येच थांबते. बहुतेक जण अशा वेळी स्प्रिंग काढून टाकतात, आणि ते योग्यच आहे.

सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी, स्वस्त असतात, म्हणून आजकाल पुष्कळ ठिकाणी दिसतात. सर्वोला सुमारे ५ व्होल्ट पुरवठा आणि दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंद लांबीचा स्पंद लागतो. त्या स्पंदाच्या लांबीवर त्याचा कोन ठरतो. सर्वो थरथरतो किंवा चालू करताच झटका मारतो, याची कारणे क्रमाने तपासावीत. प्रथम, तो हलत असताना त्याच्याच टोकांशी ५ व्होल्ट टिकतात का ते पाहावे, टिकत नसतील तर जवळच ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर योग्य ध्रुवता पाहून लावावा. नंतर सर्वोच्या पुरवठ्याची ऋण वायर आणि नियंत्रण मंडळाची ऋण वायर एकत्र जोडली आहे का ते पाहावे. शेवटी त्याची वायर रुळांच्या डिजिटल पुरवठ्याच्या वायरीला समांतर धावत असेल तर ती दूर न्यावी.

सिग्नल आणि दिवे

इथे सर्वांत जास्त साहित्य एकाच चुकीने मरते आणि ती चूक गणिताची आहे. १६ व्होल्ट एसी, एसीची डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून काढून कपॅसिटरने सपाट केले की १६ व्होल्ट डीसी मिळत नाहीत. एसीचा शिखरबिंदू १.४१ पट असतो, म्हणजे २२.६, त्यातून दोन डायोडचे १.४ वजा जाता २१ च्या वर उरतात, आणि भार नसताना त्याहूनही जास्त. त्यावर १२ व्होल्टचा सिग्नल जोडला तर तो काही दिवस अतिशय तेजस्वी दिसतो आणि मग जातो. फाटकाचे दिवे लुकलुकवणाऱ्या मंडळात वापरली जाणारी ५५५ क्रमांकाची साधी आयसीदेखील १६ व्होल्टपर्यंतच सोसते. अशा जागी व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर बसवावा. छापील बाजू समोर धरल्यास त्याचा डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ऋण आणि उजवा १२ व्होल्ट देणारा असतो. २१ वरून १२ वर आणताना ०.३ अँपिअरला २.७ वॉट उष्णता होते, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची हीटसिंक हवी. ती नसेल तर तो तापून स्वतःला बंद करतो, थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो, आणि आपण विनाकारण सिग्नल तपासत बसतो.

एलईडीपुढचा रेझिस्टर ठरवणे अवघड नाही. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट आणि पांढऱ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टवर १० मिलिअँपिअरसाठी लाल एलईडीला १० भागिले ०.०१, म्हणजे १००० ओहम येतात. पांढऱ्यालाही तोच १ किलोओहम चालतो. पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा असतो. एलईडी उलट व्होल्टेजला फार नाजूक असतो, साधारण ५ व्होल्टच सोसतो. म्हणून तो एसीवर किंवा डिजिटल रुळांवर रेझिस्टरसह लावायचा असेल तर १एन४१४८ डायोड त्याला उलट दिशेने समांतर जोडावा.

तीन रंगांच्या सिग्नलला बहुधा चार वायरी असतात, तीन दिव्यांच्या आणि एक समाईक. समाईक वायर कुठे धन असते, कुठे ऋण. तिन्ही दिवे बंद असतील तर समाईक वायर तुटली आहे किंवा ध्रुवता उलटी आहे. एकच दिवा बंद असेल तर त्याचीच वायर, रेझिस्टर किंवा एलईडी गेला आहे. एकाच वेळी दोन-तीन दिवे अंधुक पेटत असतील तर बहुधा समाईक वायर सुटून करंट भलत्या वाटेने परत येत आहे. मीटरच्या डायोड-चाचणीवर लाल आणि हिरवा एलईडी मंद पेटून आपली ओळख देतो. पांढरा आणि निळा मात्र काही मीटरवर पेटत नाही, तेवढ्यावरून तो गेला असे समजू नये. त्याला रेझिस्टर लावून ९ व्होल्टच्या सेलवर पाहावे.

जुन्या इमारतींतील १२ व्होल्टचे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब १६ व्होल्टवर चालवले की लवकर जातात. त्यांना ९-१० व्होल्ट दिले तर प्रकाशही खऱ्या कंदिलासारखा पिवळसर पडतो आणि ते वर्षानुवर्षे टिकतात.

गाडी ओळखणारे सेन्सर

फाटक गाडी गेल्यावरही बंदच राहते तेव्हा रीड स्विच, म्हणजे गाडीखालच्या चुंबकाने चालणारा स्विच, चिकटला असण्याची शक्यता मोठी असते. काचेच्या नळीतील त्याची पाती नाजूक असतात आणि साधारण अर्धा ते एक अँपिअर सोसतात. त्यांच्यातून थेट सांध्याची कॉइल चालवली तर पाती वितळून जुळतात. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड असल्यास वाजणाऱ्या चाचणीवर, ठेवून चुंबक जवळ आणावे व दूर न्यावे. चुंबक दूर असतानाही मीटर वाजत राहिला तर स्विच बदलावा आणि पुढील वेळी मध्ये रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालावा. रिलेच्या कॉइलला १एन४००७ डायोड समांतर लावावा, त्याची पट्टी असलेली बाजू धन वायरीकडे ठेवून.

इन्फ्रारेड सेन्सरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या, विशेषतः पुढच्या, कॅमेऱ्यातून तो जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. कॅमेरा तो किरण पाहतो की नाही, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासून घ्यावे. ठिपका दिसत असूनही सेन्सर चुकत असेल तर खिडकीतील ऊन पाहावे. सकाळी नऊ ते अकरा एवढ्या वेळातच फाटक बिघडत असेल तर दोष पडद्याचा आहे, मंडळाचा नव्हे.

डिजिटल लेआउटवरील विशेष बाबी

डीसीसी, म्हणजे रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या, पद्धतीत रुळांवर चौरस लहरीची एसी असते आणि तिची वारंवारता काही हजार हर्ट्झ असल्याने साध्या मीटरचा आकडा फक्त अंदाजासाठी वापरावा. निरनिराळ्या जागांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे एवढाच त्याचा उपयोग.

सांध्याचा डीकोडर, म्हणजे आज्ञा वाचून सांधा बदलणारे मंडळ, आज्ञा मानत नसेल तर आधी त्याचा पत्ता पाहावा. सांध्यांचे पत्ते चार-चारच्या गटाने दिले जातात आणि काही बनावटींत ते चारने सरकलेले असतात, म्हणून १ ऐवजी ५ दाबून पाहण्यास हरकत नाही. आणखी एक पेच असा की इंजिन दुसऱ्या मार्गाकडे वळवलेल्या सांध्यात शिरून रुळांत शॉर्ट झाला, तर रुळांवरूनच वीज घेणारा डीकोडरही बंद पडतो आणि तो शॉर्ट सोडवण्यासाठी सांधा बदलताच येत नाही. सांध्यांच्या डीकोडरना वेगळा पुरवठा द्यावा, हा त्यावर खात्रीचा उपाय आहे.

पावसाळ्यातली फेरी

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणामुळे स्क्रूच्या जोडपट्ट्या सर्वांत आधी बिघडतात. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यानंतर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक पट्टीचे स्क्रू आवळून, बल्ब जोडून व्होल्टेज घ्यावे आणि पट्टीशेजारी चिकटवलेल्या कागदावर तारखेसह पेन्सिलीने लिहावे. आधीच्या आकड्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी आला की तीच पट्टी प्रथम उघडावी, मग सांधा अजून व्यवस्थित चालत असला तरी.